पहिल्या रात्री तुझ्याजवळ कोण?

॥ श्री ॥

रविवार, रात्रीचे अकरा

चि. सोन्यास आईचे अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर तू वाढलेल्या छातीचं ऑपरेशन करून घेतोय म्हणालास, तेव्हा माझ्या तोंडून "एवढ्यासाठी ऑपरेशन?" असं निघालं आणि तू फोन ठेवलास. नंतर मी तीनदा लावला, तू उचलला नाहीस. राग येणं बरोबरच आहे. म्हणून लिहायला बसले. उद्या पहाटे खालच्या आळीतला पोरगा पुण्याला निघालाय, त्याच्याकडं पिशवी देते. शर्ट, डबा सगळं खाली आहे, हे पत्र वरच ठेवते. आधी हे वाच.

"एवढ्यासाठी" हा शब्द मी परत घेते. २८ वर्षं नर्स म्हणून उपकेंद्रावर काढली. ऑपरेशन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं सिझर येतं, फुटलेलं अपेंडिक्स येतं. नाही केलं तर माणूस हातचं जातं, असलं काहीतरी. ज्याच्यावाचून जगता येतं ते कशाला, असं वाटलं आणि बोलून गेले. मग दुपारभर तुझं ते एक वाक्य कानात राहिलं. "आई, अकरा वर्षं मी आरशासमोर शर्ट काढलेला नाही." अकरा वर्षं म्हणजे तू तेरा वर्षांचा होतास तेव्हापासून. त्यातली पहिली पाच वर्षं तू इथंच होतास की रे, माझ्या घरात, मधल्या खोलीत, माझ्यापासून चार हातांवर झोपत होतास.

तू येऊ नको म्हणालास, तर मी येणार नाही. त्याच्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. फक्त एकच विचारते, आणि पुन्हा विचारणार नाही. ऑपरेशन झाल्यावर पहिल्या रात्री तुझ्याजवळ कोण असणार?

आज माळ्यावरून तुझी शाळेची दप्तरं काढली. तू आठवीत-नववीत असताना माझ्या बॅगेतली क्रेप बँडेजं कमी व्हायची, सहा इंची. मी आमच्या मदतनीस बाईंवर संशय घेतला होता, एकदा तर तोंडावर विचारलं, त्या बिचाऱ्या रडल्या. मग एक बँडेज तुझ्या दप्तरात सापडलं. तू म्हणालास, क्रिकेट खेळताना पाय मुरगळला. मी "बरं" म्हटलं आणि पाय बघितला नाही. दुसऱ्याचं पोर लंगडत आलं असतं तर घोटा दाबून बघितल्याशिवाय सोडलं नसतं. ते बँडेज तू शर्टाच्या आत छातीभोवती गुंडाळत होतास, हे मला आज दुपारी दप्तर मांडीवर घेतल्यावर उमगलं. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या वर्गात, पाच-पाच तास.

आणि ते घामोळं! काखेखालून पाठीवर पट्टा ओढावा तसं उठायचं. तू मोरीचं दार लावून आतून म्हणायचास, "पावडर दे फक्त, आत येऊ नको." मी दाराच्या फटीतून डबा द्यायचे. पोरगा मोठा झाला, लाजतोय, एवढंच मनात यायचं. मला त्याचं कौतुकही वाटायचं, सोन्या. आता वाटतं त्या दाराला एक धक्का द्यायला हवा होता. पण मग वाटतं, दिला असता तर तू आणखी आत गेला असतास. मला कळत नाही काय करायला हवं होतं.

त्याच वर्षांत मी हायस्कुलात जाऊन आठवी-नववीच्या मुलींना वयात येण्याची माहिती सांगायचे. पाळी, पॅड, रक्त कमी का होतं, सगळं. दर सोमवारची ती लोहाची निळी गोळी तुम्ही सगळी पोरं-पोरी घ्यायचात, पण माहितीच्या तासाला मुलांना ग्राउंडवर पाठवायचं. ते मीच सांगायचे सरांना. "सर, मुलांना जरा बाहेर काढा." तू त्या मुलांमध्ये होतास. मुलांचं काय, मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, झालं, असं आम्ही सगळ्याच सिस्टर धरून चालायचो. तेरा-चौदा वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीत थोडीफार गाठ येते, दुखते, हे आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात होतं. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलेलं आहे. बहुतेकांची सहा महिन्यांत, फार तर दोन वर्षांत आपोआप बसते. एवढी दोन वाक्यं मी ग्राउंडवर येऊन सांगितली असती तर तुझ्यासारखी किती पोरं त्या रात्री नीट झोपली असती.

तू जन्मलास तेव्हाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. चौथ्या दिवशी तुझी इवलीशी छाती सुजली आणि दुधाचा थेंब आला. पोटात असताना आईचे हार्मोन बाळाला मिळतात, त्यानं होतं तसं, मुलगा असो नाहीतर मुलगी. आजी म्हणाल्या, पिळून काढायला पाहिजे, नाहीतर पोराला जन्मभर राहील. त्यांच्या काळात सगळ्यांची पिळायचे. मी ओली बाळंतीण, सासूशी मोठ्यानं कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी तुला उचलून कडेला घेतलं आणि म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही. पिळलं तर पू होतो. आपोआप जाईल." गेलं, तीन आठवड्यांत. त्या भांडणाचा मला किती अभिमान होता माहितीये? माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग माझ्या लेकराला झाला, असं मी पुढं सगळ्या आशाताईंना सांगत फिरायचे. दुसऱ्यांदा छाती सुजली तेव्हा मात्र तू एकटा होतास.

आता तुझी क्षमा मागून एक सांगते. तू सांगू नको म्हणाला होतास, तरी मी अण्णांना सांगितलं. माझ्याच्यानं राहवेना. ते ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मला वाटलं काहीतरी वेडंवाकडं बोलतील. बराच वेळ नुसत्या शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "दुखायचं का रं त्याला?" मी म्हटलं, ते त्यानं सांगितलं नाही. तर म्हणाले, "मला बी आली हुती गाठ. तालमीत जायचो तवा. चौदाव्या वर्षी. कुणी छातीला छाती लावली की जीव जायचा. वस्ताद हसला आन् म्हणला, वयात आलास. बसली मग." एवढ्या वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा ऐकलं. त्यांना कुणीतरी "वयात आलास" म्हणालं, तेवढ्यावर त्यांचं भागलं. तुला कुणी म्हणालं नाही. आणि तुझी बसलीही नाही. मग ते म्हणाले, "मंग मी त्याला घाटावर कशाला..." आणि उठून गोठ्यात गेले. अजून नीट जेवलेले नाहीत.

घाटावरचं तुला आठवत असणारच. आबांचा दहावा, २०१६. कृष्णा-कोयनेच्या संगमावर सगळी भावकी उभी, सगळ्या नातवांनी शर्ट काढले आणि तू काढेनास. अण्णा सगळ्यांसमोर ओरडले, आजोबाला पाणी द्यायची लाज वाटते का म्हणून. मी पायरीवर उभी होते. मी काय केलं? मी म्हणाले, "काढ की रे, पाच मिनिटांचं काम." तू बनियनवरच पाण्यात उतरलास. वर आलास तेव्हा ओली बनियन अंगाला चिकटली होती आणि तू दोन्ही हात काखेत घालून उकिडवा बसलास. मला वाटलं थंडी वाजतेय. मी टॉवेल शोधत होते. त्यानंतर तू विहिरीवर पोहायला गेला नाहीस. आबांनी स्वतः भोपळा बांधून शिकवलेलं पोर, वरच्या दगडावरून सूर मारायचास. मी गावात सांगायचे, दहावीचं वर्ष आहे, अभ्यासाला लागलाय.

शाळेत तुला काय म्हणायचे ते आज ताईनं सांगितलं. तिला तेव्हापासून माहीत होतं. तो शब्द मी इथं लिहिणार नाही.

बरं. आता कामाचं. यातलं बरंचसं तुला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तरी आईला नको, पण सिस्टरला बोलू दे.

तू पाठवलेले रिपोर्ट मी चष्मा लावून दोनदा वाचले. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, लिव्हर, किडनी, सगळं ठीक आहे. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना स्तनाची ग्रंथी आहे, नुसती चरबी नाही. म्हणजे तू इतकी वर्षं पळालास, भात सोडलास, तरी ते का जात नव्हतं याचं उत्तर त्या कागदावर आहे. चरबी उतरते, ग्रंथी उतरत नाही. वर्षभर राहिली की ती तंतुमय होते, चिवट होते, मग गोळ्यांनीही फारशी हलत नाही. तुझी तर अकरा वर्षांची. यात तुझ्या आळसाचा, खाण्याचा, कशाचाच दोष नव्हता. प्रत्येक पुरुषाच्या अंगात बाईचे आणि पुरुषाचे दोन्ही हार्मोन असतात, त्या वयात त्यांचं पारडं थोडे दिवस खालीवर होतं, बहुतेकांचं सावरतं, काहींच्या छातीत खूण राहून जाते. आणि पुरुषपणाशी त्याचा काही संबंध नाही, हे मी तुझी आई म्हणून सांगत नाही, रिपोर्ट वाचून सांगते.

एक रिपोर्ट मला दिसला नाही. वृषणांची तपासणी केली का? आई म्हणून हे लिहायला हात अडतो, पण विचारलं पाहिजे. कधीकधी तिथल्या गाठीमुळंही छाती वाढते. क्वचित होतं, पण हातानं तपासून, गरज वाटली तर सोनोग्राफी करून डॉक्टर बघतात. केली असेल तर मला काही सांगू नको, नुसतं "हो" लिही.

जिमचं भांडण मला आठवतंय. तुझ्या बॅगेत पावडरीचा डबा सापडला आणि मी विचारलं, इंजेक्शनं घेतोस का? तू पंधरा दिवस बोलला नव्हतास. मी तेव्हा चुकले, तसल्या आवाजात विचारायला नको होतं. पण सोन्या, घेतली असशील, एकदा जरी, तर डॉक्टरांना खरं सांग. स्टेरॉइडची इंजेक्शनं शरीरात गेली की त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बाईच्या हार्मोनमध्ये बदलतं आणि छाती आणखी वाढते. ऑपरेशननंतर पुन्हा घेतली तर उरलेली ग्रंथी पुन्हा फुगू शकते. आणि सिगारेट. ओढत असशील तर आजपासून बंद, जखम भरत नाही त्यानं. ब्रुफेनसारख्या गोळ्या, ते माशाचं तेल, आयुर्वेदिक काढे, जे काही चालू असेल ते चिठ्ठीवर लिहून त्यांना दे, काहींनी रक्त जास्त वाहतं. माळ्यावर मला एक रिकामी तेलाची बाटली पण सापडली, वर लिहिलं होतं छाती कमी करण्याचं तेल, सातशे रुपये. तेव्हा तुला महिन्याला हजार रुपये देत होतो आम्ही.

बघ, मी पुन्हा रागवायला लागले. माफ कर. मला राग तुझा नाही आलेला. त्या बाटलीवरची किंमत वाचली आणि तू मेसचा एक वेळचा डबा बंद केला होतास ते आठवलं. "भूक नसते आई" म्हणायचास.

डॉक्टरांच्या पाटीवर एम.एस. नंतर प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. किंवा तसलीच डिग्री आहे ना, ते बघ. भूल देणारा डॉक्टर वेगळा असला पाहिजे आणि पूर्ण वेळ तिथं असला पाहिजे. "चार तासांत घरी, डाग नाही, दुखत नाही" अशी जाहिरात करणाऱ्याकडं जाऊ नको. तू म्हणालास यांनी स्वतःहून डाग राहील, बधिरपणा येईल, दोन्ही बाजू मोजून-मापून सारख्या होतीलच असं नाही, हे सांगितलं. मग मला ते बरे वाटले. जो आधी वाईट सांगतो त्याच्या हातात पोर द्यायला मला भीती कमी वाटते.

करतात ते असं. आधी मिठाचं पाणी आणि रक्त कमी वाहावं म्हणून अ‍ॅड्रिनलिन आत सोडतात, मग बाजूच्या बारीक छिद्रातून चरबी ओढून घेतात. ती लोण्यासारखी असते, येते. ग्रंथी कैरीच्या कोयीसारखी चिवट असते, ती नळीतून येत नाही, म्हणून निप्पलभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेनं अर्धचंद्रासारखा छेद घेऊन काढतात. रंग बदलतो त्याच रेषेवर छेद असतो, म्हणून डाग लपतो. सगळी मुळासकट काढत नाहीत, निप्पलच्या मागं थोडीशी ठेवतात, नाहीतर तिथं बशीसारखा खळगा पडतो. तेव्हा "सगळं काढा" म्हणून हट्ट धरू नको. काढलेलं मात्र फॉर्मलिनच्या बरणीत घालून तपासणीला जाऊ दे. घाबरण्यासारखं काही नाही. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर फार क्वचित होतो, शंभरातला एखादाच रुग्ण पुरुष असतो, आणि तुझ्या वयात तर जवळजवळ नाहीच. पण निघालंच आहे तर तपासून घ्यावं, अशी माझी सवय.

मघाशी झोप येईना म्हणून फोनवर वाचत बसले होते. सातव्या शतकात पॉल नावाचा एक ग्रीक वैद्य होऊन गेला, त्यानं हेच ऑपरेशन लिहून ठेवलंय, चंद्रकोरीसारखा छेद घ्या म्हणून. भूल नव्हती तेव्हा. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीही कुणाचं तरी पोर तसलं दुखणं सोसून हे करून घ्यायला तयार होतं. ते वाचलं आणि सकाळच्या "एवढ्यासाठी"ची मला फार लाज वाटली.

तुझ्या कंपनीचा विमा याला पैसे देत नाही म्हणालास, हे सौंदर्यासाठीचं आहे म्हणून. देऊ नको दे. ८५ हजारांतले पन्नास तुझे आहेत, उरलेले मी बुधवारी खात्यात टाकते. माझ्या भिशीचे आहेत, ताईच्या बाळंतपणासाठी काढलेल्यांना हात लावलेला नाही, आणि याच्यावर तू वाद घालायचा नाही.

शुक्रवारी सकाळी आठला घेणार म्हणालास, तर रात्रीचं जेवण वेळेत कर. सहा तास आधीपासून पोटात काही नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा म्हणजे जेवणच धरायचं. तू पहाटे उठून चहा करून घेतोस, सवयीनं, म्हणून दोनदा लिहिते. चहा नको. आमच्याकडं कुटुंबनियोजनाच्या कॅम्पला बायका लपून चहा-बटर खाऊन यायच्या, मग टेबलावर ओकाऱ्या. पोटातलं छातीत गेलं की ते फार वाईट.

आता बघ, मी पुन्हा तिथंच आले. पण हे आईचं काळीज म्हणून लिहीत नाही, याला कारण आहे. या ऑपरेशनात सगळ्यात जास्त वेळा जी अडचण होते ती रक्त साकळण्याची, आणि ती बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होते. एकच बाजू एकाएकी फुगते, टणक होते, ठणका वाढत जातो. तसं झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच मिनिटाला दवाखान्याला फोन करायचा, ते पुन्हा आत घेऊन रक्त काढतात, माणूस ठीक होतो. पण हे बघायला कुणीतरी जागं पाहिजे. भुलीनंतर, दुखायच्या गोळीच्या गुंगीत, तुझं तुला कळायचं नाही. पट्टी घट्ट असते, वरून दिसत नाही. दर दोन तासांनी कुणीतरी दोन्ही बाजूंना हात लावून बघायला हवं. ड्रेनची, म्हणजे आतलं रक्त-पाणी नळीनं बाहेर काढायची बाटली लावली तर तिच्यात किती लाल आलं ते लिहून ठेवायला हवं. तू म्हणतोस, रूममेट आहे. मुलगा चांगला आहे, दिवाळीला आला होता, चार चकल्या जास्त मागून खाल्ल्या, मला आवडला. पण त्याची नाइट शिफ्ट असते ना? त्या रात्री आहे की नाही, विचारलंस का त्याला? दवाखान्यातच एक रात्र ठेवतात का विचार. ठेवत असतील तर रहा, दोन-चार हजार जास्त जातील, जाऊ देत.

सुमनमावशीच्या वेळी मी सकाळी पोचले होते. तुला माहीत आहे. त्याच्यावर मी काही लिहीत नाही.

नंतर ती घट्ट बनियन घालायला देतील, चार ते सहा आठवडे, रात्रंदिवस. मी हे वाचलं आणि रडले, खोटं कशाला सांगू. पुन्हा माझं पोर छाती आवळून बसणार. पण या वेळी डॉक्टरनं सांगितलेल्या मापाची असेल, दोन घे म्हणजे एक धुता येईल, आणि घामोळं आलं तर या वेळी मला फोटो पाठवायचा. पावडर फटीतून देणार नाही मी. पहिले पंधरा दिवस सूज असते, काळंनिळं होतं, आरशात बघून "काही फरक नाही" म्हणून खचू नको, खरा आकार कळायला तीन ते सहा महिने लागतात. महिनाभर जड उचलायचं नाही. पाण्याचा जार रूममेटनं चढवायचा. गाडीला किक नको.

पिशवीत अण्णांचे तीन जुने शर्ट आहेत, पुढून बटणांचे. टी-शर्ट डोक्यातून घालायला हात वर जाणार नाहीत तुझे. अण्णांनी स्वतः काढून दिले, त्यातला एक निळा त्यांचा आवडीचा आहे, मी म्हटलं हा राहू द्या, तर म्हणाले, "त्याला सैल बसंल." डब्यात मेथीचे लाडू नाहीत, नाचणीचे आहेत. आळीव पण आहे, ते मी बाळंतिणींना देते, पण रक्ताला चांगलं, घे.

दोन स्थळांना तू नाही म्हणालास, त्याचं कारण हेच होतं का, ते मी विचारत नाही. तुझं तू बघ. घाई नाही.

एक गोष्ट मात्र मला सांगायची आहे. फोनवर तू सगळं नीट सांगितलंस. किती आहे, कुठली ग्रेड, कुठला डॉक्टर, किती पैसे, काय धोके. एकदाही अडखळला नाहीस. जे मी ग्राउंडवर येऊन पोरांना सांगू शकले नाही, ते तू मला, बाईमाणसाला, आईला सांगितलंस. त्या वेळी माझ्या तोंडून ते निघालं म्हणून तुला वाटलं असेल मी ऐकलंच नाही. मी सगळं ऐकलं. मंगळवारी हायस्कुलात माझा तास आहे. या वेळी सरांना सांगून ठेवलंय की मुलांना बाहेर पाठवू नका, मला त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलायचंय. सर म्हणाले, पोरं हसतील. हसू देत. तुझं नाव, गाव काही निघणार नाही, त्याची काळजी करू नको.

बारा वाजून गेले. अण्णा झोपलेले नाहीत, खोकल्याचा आवाज येतोय.

तुझी,
आई

ता. क. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही. मी दवाखान्यात येत नाही म्हणाले तर येत नाही. पण हडपसरच्या आत्यांकडं गुरुवारी संध्याकाळी येऊन बसले तर त्याला तुझी हरकत असायचं कारण नाही, त्यांचे पापड राहिलेत. तुझ्या खोलीपासून रिक्षानं पंधरा मिनिटं. फोन उशाला ठेवीन. तू बोलावलंस तरच येईन, नाहीतर शनिवारच्या पहिल्या गाडीनं परत. रूममेटचा नंबर तेवढा पाठव. तुझ्याबद्दल त्याला काही विचारणार नाही, दर दोन तासांनी हात लावून कसं बघायचं एवढंच सांगायचंय.